चंद्र काढलेली पाकिटं

धापूभाभी गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी प्रेमचंदशेठ पहाटे साडेपाचला नेहमीसारखे दारात उभे होते. पायात पांढरे बूट, कानाला मफलर, हातात कुत्र्यांसाठीची काठी. आदल्या दिवशीच भेटायला येणाऱ्यांची बैठक झाली होती. मांडववाल्याच्या सतरंज्या ओट्यावर गुंडाळून पडल्या होत्या. मी हाक मारायला गेलोच नव्हतो. घरात दिवा लागलाय का, एवढंच लांबून बघणार होतो.

"चला," शेठ म्हणाले.

"शेठ, आज ऱ्हाऊ द्या की."

"का ऱ्हाऊ द्यायचं? चालायचं म्हंजे चालायचं."

मग आम्ही निघालो. मीना नदीचा पूल ओलांडला, पलीकडच्या किलोमीटरच्या दगडाला शेठनी काठी टेकवली आणि माघारी वळलो. येताना टोमॅटोचे क्रेट लादलेले टेंपो समोरून येत होते. वाटेत भेटलेल्या गेणभाऊ दूधवाल्यानं सायकल थांबवली, शेठचा चेहरा बघितला आणि पुन्हा पायडल मारलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःखही नव्हतं. गावात दुपारपर्यंत बोभाटा झाला, काय घट्ट काळजाचा माणूस आहे, बायको जाऊन चार दिवस नाहीत आणि हा फिरायला निघाला. मला त्या लोकांचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

मी दादाभाऊ. एस.टी.त कंडक्टर होतो, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. मूळचा आंबेगावच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. तिकडं भात आणि नाचणी खाऊन म्हातारी माणसं ऐंशीव्या वर्षी डोक्यावर भारा घेऊन चढ चढतात. मी मात्र नारायणगावात येऊन मिसळ, भजी, तंबाखू असं सगळं नेमानं खाल्लं आणि पन्नाशी उलटताच साखर लावून घेतली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या मी घेतल्या, पण तोंड काही बंद केलं नाही. जित्याची खोड.

शेठचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, दुकान टाकलं आणि इथलेच झाले. शेठ मराठी बोलायला लागले की ते जुन्नर तालुक्याबाहेरचे आहेत असं कुणी म्हणणार नाही. आता मुलगा पीयूष दुकान बघतो. मिक्सर विकतो, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो, लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायचं मशीन दिवसभर किरकिरत ठेवतो. शेठ यंत्राचं पाणी पीत नाहीत. उकळलेलं, फडक्यानं गाळलेलं, तेवढंच. उगवतीनंतर पाऊण तास झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. घास बत्तीस वेळा चावतात. पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवतात. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलं, की दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. त्याला ते चौविहार म्हणतात. नऊला आडवे. आणि रोज पाच किलोमीटर, पाऊस असो की थंडी.

एवढं करून गप्प बसले असते तर ते शेठ कसले! रुखवताची भांडी घ्यायला आलेल्या बाईला कढई दाखवता दाखवता म्हणायचे, "ताई, कढई मोठी घ्या, पण त्यात त्याल लहान घाला." पीयूष तिकडून डोळे वटारायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणावं तर तीही सोय नव्हती, कारण हा माणूस सांगायचा ते सगळं स्वतः करायचा. सत्तरी ओलांडली तरी चष्म्याशिवाय त्यांना काही लागलं नव्हतं. "आमच्या घरात गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी साखर चारशेच्या घरात गेल्याचं कळल्यावर शेठ आमच्या घरी आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "मंगलताई, ह्याला माझ्या ताब्यात द्या." तेव्हापासून आम्ही बरोबर चालतो. तंबाखू सुटली ती त्यांच्यामुळे. रात्रीचं जेवण सातच्या आत आलं ते त्यांच्यामुळे. सहा महिन्यांत माझी एक गोळी कमी झाली. मी आज धडधाकट आहे त्यात या माणसाच्या पायांचा वाटा आहे, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

पहाटे बोलवायला मात्र मीच जायचो. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे निघ. मी त्यांच्या दाराची कडी दोनदा वाजवायचो आणि ओरडायचो, "डबल बेल, शेठ! गाडी सुटली!" आतून धापूभाभी हसायच्या. माझा रोजचाच विनोद, पण त्या रोज हसायच्या.

त्या घरातली ही सगळी वेळापत्रकं खरं तर भाभींच्या हातावर चालत होती. शेठनी पाणी उकळूनच प्यायचं म्हणजे कुणीतरी ते उकळायचं. हिवाळ्यात साडेपाचला जेवायचं म्हणजे कुणीतरी चारला कणीक मळायची. सगळा नेम शेठ बोलायचे आणि भाभी करायच्या. त्यांचा स्वतःचा चौविहार तर शेठपेक्षा जुना. चाळिशीत असताना एका साध्वींकडून त्यांनी जन्मभराचा नियम घेतला होता आणि तापानं फणफणल्या तरी मोडला नव्हता. आमच्याबरोबर चालायला त्या कधी आल्या नाहीत. त्या वेळात त्यांची चूल असायची.

त्यांना बीपी होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, घराला मागचं दार आहे हे माहीत असतं तसं. दर तीन महिन्यांनी शेठ त्यांना दवाखान्यात न्यायचे. एकदा मीही तिथं होतो. भाभी आत एकट्या गेल्या. शेठ बाहेरच्या बाकावर बसून खोकणाऱ्या एका पेशंटला घास किती वेळा चावायचा ते समजावत होते. भाभी बाहेर आल्या तेव्हा बत्तिसाचा हिशेब अजून चालूच होता.

फेब्रुवारीत एका दुपारी मटार सोलता सोलता भाभींचा उजवा हात गळाला. संध्याकाळपर्यंत पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. बीपी फार वाढून मेंदूतली नस फुटली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. एवढं पथ्यपाणी पाळणाऱ्या घरात असं व्हावं कसं? लोक म्हणायचे आणि चहा न पिता निघून जायचे. शेठच्या मनात मात्र तो प्रश्न जाऊन बसला. चालताना पुलावर आलं की विचारायचे, "दादाभाऊ, चुकलं कुठं?" गाडी किती वाजता आहे हे प्रवासी विचारतो, तशा आवाजात. मी म्हणायचो, "आयुष्य तेवढंच व्हतं, शेठ." ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा विचारायचे. मला कळत होतं की याचं उत्तर मिळालं नाही तर हा माणूस आतून बंद पडणार. चाळीस वर्षं ज्याच्या जोरावर लोकांना शहाणपण सांगितलं, ते खरं होतं की नव्हतं, एवढंच त्यांना हवं होतं.

नेम सगळे चालू होते. सून चेतना पाणी उकळायची, पाचच्या सुमारास ताट वाढायची. एकदा तिच्या हातून आमटीत मीठ राहिलं. शेठनी सगळी वाटी संपवली, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून. "काका, पप्पांना कळलंच नाही हो," ती मला दारात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "हूं." मलाही त्या दिवसांत कशाचीच चव लागत नव्हती. रडावं तर रडू येत नव्हतं, आणि घरी बसावं तर पाय आपोआप शेठच्या दाराकडं वळायचे. कडी मात्र मी वाजवत नव्हतो. शेठ आधीच दारात उभे असायचे.

मार्च संपता संपता चेतनानं पापडांसाठी वरच्या फळीवरचे डबे काढले. आम्ही नुकतेच फिरून आलो होतो, शेठ अंघोळीला गेले होते. ती एक डबा घेऊन बाहेर आली. शेठच्या दुकानातलाच स्टीलचा डबा, झाकणावर मशीननं ठोकलेलं नाव, 'सौ. धापूबाई प्रेमचंद'. झाकण उघडलं तर आत पापड नव्हते. मेडिकलवाल्याची छोटी कागदी पाकिटं होती, रबर लावून नीट रचलेली. प्रत्येकावर पेनानं चंद्राची कोर काढलेली होती.

कमी शिकलेल्यांना कळावं म्हणून आमच्याकडं मेडिकलवाले असंच करतात. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. पीयूष आतून धावत आला. त्यानं पाकिटं मोजली. बावीस.

"ह्या मीच आणून देत होतो," तो म्हणाला. "दर महिन्याला. सूर्याचं पाकीट संपायचं, मम्मी रिकामं दाखवायची. चंद्राचंही संपलं म्हणायची."

आधी चेतनाच्या लक्षात आलं. "काका, मम्मी चौविहार करायच्या," ती म्हणाली. "रात्री गोळी गिळायला पाणी कुठं चालत होतं त्यांना?"

"मग दिसाउजेडी घ्यायची," मी म्हणालो.

"मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, ही दिवसा घेऊ नका, चक्कर येईल. मी होते तेव्हा बरोबर."

म्हणजे दिवसा घ्यायची नाही म्हणून भाभींनी ती दिवसा घेतली नाही, आणि रात्री चालत नाही म्हणून रात्री घेतली नाही. औषध फेकून देणं त्यांना पाप वाटलं असणार, म्हणून फेकलीही नाही. दोन्हीकडच्या आज्ञा पाळल्या आणि पाकिटं पापडाच्या डब्यात ठेवली.

त्याच दिवशी पीयूष डबा घेऊन आमच्या गावातल्या डॉक्टरांकडं गेला. मीही गेलो. डॉक्टर बराच वेळ पाकिटं उलटीपालटी करत बसले. मग म्हणाले, "याच्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बीपी उतरत का नाही म्हणून मी डोस वाढवत होतो, ते आता कळलं." पाकिटं परत देत म्हणाले, "संध्याकाळी पाचला जेवणाबरोबर घेतली असती तरी चाललं असतं. एकदा विचारायचं फक्त."

हे शेठना सांगायचं काम पीयूषनं माझ्यावर टाकलं. मी सांगितलं, जसंच्या तसं. शेठनी डबा मागितला. पाकिटं काढली, एकावर एक रचून पुन्हा आत ठेवली, झाकण दाबून लावलं. तेवढ्यात चेतनानं पाण्याचा तांब्या आणला, कारण पाण्याची वेळ झाली होती. ते पाणी प्याले. मला वाटलं आता तरी रडतील. नाही रडले.

दुसऱ्या पहाटे ते दारात नव्हते. मी कितीतरी दिवसांनी कडी वाजवली. आतून चेतना म्हणाली, "काका, पप्पा नाही म्हणतात." तिसऱ्या दिवशीही तेच. जेवण वेळेवर, पाणी वेळेवर, झोप वेळेवर, पण चालणं बंद. दुकानात बसायचे तेही गिऱ्हाइकाला एक अक्षर न सांगता. एक बाई मुद्दाम म्हणाली, "शेठ, कढई मोठी घेऊ का लहान, सांगा की." शेठनी पीयूषकडं बोट दाखवलं. मी एकटाच पुलापर्यंत जायचो आणि दगडापर्यंत न जाता परत यायचो.

आठवडाभरानं मी पहाटे कडी न वाजवता ओट्यावरच बसलो. थोड्या वेळानं शेठ बाहेर येऊन शेजारी बसले. अनवाणी. समोरून आळेफाट्याकडं जाणारी जीप माणसं भरत होती.

"तिनं इचारलं व्हतं मला," शेठ म्हणाले.

"काय?"

"दोन वर्सं झाली. मी हितंच बूट घालत व्हतो. ती आतून म्हणली, अवो, त्या रातच्या गोळीचं काय करायचं? मी म्हणलं, आल्यावर सांगतो."

"मग?"

"आलो आणि इसरलो. तिनं परत इचारलं न्हाई." "आमच्या घरात गोळी न्हाई, असं मी गावभर सांगत फिरायचो. ती कोणत्या तोंडानं परत इचारंल?"

ती नेमकी पहाट मला आठवते असं मी म्हणणार नाही. पण आठवायला लागतं कशाला? सगळ्या पहाटा सारख्याच होत्या. बूट घालताना शेठ घाईत का असायचे, 'आल्यावर सांगतो' का म्हणाले असतील, हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. दारात मी उभा असायचो. कडी दोनदा वाजवून. गाडी सुटली म्हणून ओरडत. शेठनी ते बोलून दाखवलं नाही. जीप भरली आणि निघून गेली. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

घरी येऊन मी मंगलला यातलं काही सांगितलं नाही. ती भाकरी थापत होती. मी जेवलो आणि झोपलो.

त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी आठला आमच्या दाराची कडी वाजली. दोनदा. शेठ होते, बूट घालून. मला वाटलं, आले एकदाचे, आणि मी चप्पल शोधायला लागलो.

"चालायला न्हाई आलो," ते म्हणाले. "मंगलताई कुठं हायेत?"

मंगल पदराला हात पुसत बाहेर आली. शेठ खाली चटईवर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या गोळ्या दाखवा."

मंगल हसली. "माझ्या कसल्या गोळ्या, शेठ? ह्यांच्या हायेत डबाभर, त्या बघा."

"ह्याच्या मला पाठ हायेत. तुमच्या दाखवा."

मी म्हणालो, "तिला काय व्हतंय शेठ, गुडघ्याची एखादी असंल."

मंगल आत गेली आणि तांदळाच्या कणगीमागून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत तीन पाकिटं होती. शेठनी ती चटईवर मांडली. दोन गुडघ्याची आणि ताकदीची होती. तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. त्याच्यावर सूर्य काढलेला होता.

"ही कवा घेता?"

"सकाळी जेवल्यावर."

"रोज?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. "रोज म्हंजे, उपास सोडून."

"कंचे उपास?"

"सोमवार, गुरुवार. चतुर्थी, एकादशी आली तर ती. उपाशीपोटी घ्यायची न्हाई म्हणले व्हते. उपासाला जेवान कुठं असतं, शेठ?"

शेठ तोंडातल्या तोंडात आठवड्याचे दिवस मोजत होते. मी ते पाकीट उचलून वाचायचा प्रयत्न केला, पण नाव इंग्रजीत होतं. "कशाची गोळी हाय ही?" मी विचारलं.

"बीपीची," मंगल म्हणाली. "दीड वर्स झालं. जयाबरोबर गेले व्हते दवाखान्यात."

जया माझी सून. म्हणजे सुनेला माहीत होतं.

"आणि मला न्हाई सांगितलं?"

"सांगत व्हते," मंगल म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी चालायला निघाला व्हता."

शेठनी माझ्याकडं बघितलं नाही. पाकिटं पिशवीत भरली, पीयूषला फोन करून गाडी मागवली. फेब्रुवारीपासून मला काही वाटत नव्हतं, पण बाजारपेठेतून जाताना मी मंगलचा पदर मुठीत धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. भीती होती ती, दुसरं काही नाही.

दवाखान्यात मंगलचं नाव पुकारलं. ती एकटीच उठली. मी सवयीनं बाहेरच्या बाकावर सरकून जागा करून घेत होतो. शेठ उभेच होते. त्यांनी काठी उचलली आणि आतल्या दाराकडं दाखवली.

मी उठलो आणि मंगलच्या मागोमाग आत गेलो.